फाटलेल्या टायरला ठिगळ कुठे लावावे?

रिकामा_जॅक (धागाकर्ता)

मंडळी, सामान हलवण्यासाठी मावसभावाचा जुना ट्रेलर मागून आणला आहे. ट्रेलरला दोन धुरे आणि चार चाके आहेत. डाव्या बाजूच्या मागच्या टायरची सद्यःस्थिती अशी आहे की नक्षीचा पट्टा जवळपास निम्म्या घेरात सुटून लोंबत आहे, त्याच्याखालच्या पोलादी तारा विस्कटून बाहेर आल्या आहेत, आतल्या बाजूच्या साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) वीतभर चीर आहे आणि त्या चिरेतून रिमवरचा गंज स्वच्छ दिसतो. बाहेरच्या बाजूला बारीक भेगांचे जाळे इतके दाट आहे की कंपनीचे नाव वाचण्यासाठी अंदाजाची मदत घ्यावी लागते.

फोटो मावसभावांना पाठवले. त्यांचे उत्तर आले, "टायर चांगला आहे, फक्त पंक्चर काढून घे." ट्रेलर त्यांचा आणि वयाने मोठेही तेच, त्यामुळे त्यांच्या शब्दाचा मान राखणे मला भाग आहे. तरी या टायरची दुरुस्ती कशी करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. गंभीर सल्ले चालतील, परंतु जे वाचून मावसभावांना आपणहून नवीन टायर घ्यावासा वाटेल अशा सल्ल्यांना प्राधान्य राहील. हा धागा मी त्यांना जसाच्या तसा पाठवणार आहे.

पाऊणपाना

हवा भरून पाहिली का?

रिकामा_जॅक

पाऊणपाना, चिरेतून माझा हात मनगटापर्यंत आत जातो. हवेला आता पंपाची गरज उरलेली नाही, ती स्वतःच ये-जा करते.

वंगणमहर्षी

तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. निराश होण्याचे काहीच कारण नाही, कारण व्हॉल्व्हची टोपी पूर्णपणे शाबूत आहे. दुरुस्ती पुढीलप्रमाणे करावी. प्रथम टोपी हलक्या हाताने काढून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. त्यानंतर टोपीखालचा व्हॉल्व्ह बदलावा, व्हॉल्व्हभोवतीचा टायर बदलावा, रिम गंजाने खाल्ली असल्यास तीही बदलावी आणि सर्वांत शेवटी तीच टोपी आपल्या जागी पुन्हा बसवावी. मूळ भाग कायम राहिल्यामुळे याला दुरुस्तीच म्हणतात, आणि मावसभावांना तसे सांगताना तुमचा आवाजही कापणार नाही.

सायलेन्सर_शांत

मला तर हा टायर फक्त खालच्या बाजूने बसलेला दिसतो. वरचा तीन चतुर्थांश भाग उत्तम गोल आहे. चाक अर्धा फेरा फिरवून घ्या, म्हणजे चांगला भाग खाली येईल.

पाऊणपाना

आणि ट्रेलर पुढे सरकल्यावर?

सायलेन्सर_शांत

पुन्हा फिरवावे. चिकाटीला पर्याय नाही.

मोजमाप

विनोद बाजूला ठेवून दोन गोष्टी सांगतो, कारण असे धागे पुढे कोणीतरी खरोखर उपाय शोधत येऊन वाचतो.

पंक्चर काढण्याला एक मर्यादा असते. भोक नक्षीच्या मधल्या भागात असावे, त्याचा व्यास साधारण ६ मिलिमीटरच्या आत असावा, आणि टायर रिमवरून उतरवून आतून तपासल्यावर त्याला आत अन्य इजा नसावी. असे असेल तर आतून मशरूम पॅच लावतात. त्याचा दांडा भोकाचा मार्ग बुजवतो आणि वरची चकती आतला थर हवाबंद करते. बाहेरून खुपसायची चिकट दोरी ही मुक्कामी पोहोचण्यापुरती असते.

साइडवॉलला हे काहीच लागू होत नाही. रेडियल टायरचे मुख्य धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे गेलेले असतात आणि हवेचा सगळा ताण तेच पेलतात. साइडवॉल चिरली म्हणजे ते धागे तुटले. शिवाय नक्षीच्या भागाखाली पोलादी पट्ट्यांचा आधार असतो, तसा तो साइडवॉलला नसतो, आणि ती प्रत्येक फेऱ्यात जमिनीजवळ येताना वाकून वर जाताना सरळ होते. ट्रेलरच्या नेहमीच्या आकाराच्या टायरचा घेर सुमारे दोन मीटर धरला, तर एका किलोमीटरला पाचशे फेरे होतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने चालताना हे वाकणे आणि सरळ होणे सेकंदाला अकरा वेळा घडते. इतक्या वेळा वाकवूनही तिथे टिकून राहील असे ठिगळ अजून कोणी बनवलेले नाही.

वंगणमहर्षी

मोजमाप, प्रतिसाद उत्तम. फक्त माझ्या टोपीचा उल्लेख राहिला.

आडवळणी_चाक

मी थोडा शास्त्रीय उपाय सुचवतो. रबर शेवटी झाडाचा चीक आहे. चिरेच्या दोन्ही कडा तापवून मऊ कराव्यात, एकमेकींवर दाबाव्यात आणि थंड होऊ द्याव्यात. सांधा दिसणारसुद्धा नाही.

मोजमाप

आडवळणी, हलकेच घेतो आहे, पण ही कल्पना खरी मानणारे लोक भेटतात म्हणून लिहितो. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवण्याची जी युक्ती शोधली, तिच्यामुळे रबराच्या लांबलचक साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. म्हणूनच टायर उन्हात पातळ होत नाही आणि थंडीत ठिसूळ होत नाही. पण त्यामुळेच तो पुन्हा वितळतही नाही. तापवत राहिल्यास तो मऊ न होता करपतो आणि पेटला तर विझवताना नाकी नऊ येतात.

आडवळणी_चाक

म्हणजे १८३८ सालचा टायर असता तर जमले असते. धागाकर्त्यांनी उत्पादनाची तारीख तपासावी.

जुना_धुरा

तुम्हा तरुण मंडळींचे सगळे लगेच "बदला, बदला". आमच्या उमेदीच्या काळात टायरला चीर पडली की आतून गेटर लावत असू. जुन्या टायरचा लांब तुकडा कापायचा, कडा घासून पातळ करायच्या, चिरेच्या आत बसवायचा आणि वर ट्यूब घालून हवा भरायची. असे टायर घेऊन भरलेल्या गाड्या घाट चढल्या आणि उतरल्या आहेत. मावसभाऊ अगदीच चुकीचे बोलत नाहीत.

मोजमाप

काका, आपला अनुभव नाकारत नाही. ते टायर नायलॉन धाग्यांच्या तिरप्या थरांचे होते, साइडवॉल जाड होती, आत वेगळी ट्यूब होती आणि गाडीचा वेग बेताचा असे. गेटरने फक्त ट्यूबला चिरेतून बाहेर डोकावू दिले नाही. इथे ट्यूब नाही, थर रेडियल आहेत आणि चिरेबरोबर नक्षीचा पट्टाही निघाला आहे. गेटर कशाला टेकवणार? आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार?

जुना_धुरा

पट्टा निघाल्याचे मी नीट वाचले नव्हते. तरीही गेटर ही वाईट गोष्ट नव्हती, एवढे नमूद करून ठेवतो.

सायलेन्सर_शांत

हवाच नको असेल तर टायरमध्ये गवत ठासून भरावे. सायकलवाले आडरानात ट्यूब फाटल्यावर हे करतात आणि घरी पोहोचतात. या टायरला तर सोय अधिकच आहे, भरण्यासाठी वीतभर दार आयते उघडे आहे.

किल्ली_हरवली

सायकलचे मला माहीत आहे, सायलेन्सर. तिथे प्रश्न एका माणसाच्या वजनाचा आणि फार तर काही किलोमीटरचा असतो. ट्रेलरच्या एका चाकावर सहज पाचशे किलो भार येतो. गवताचा भुगा होईल, घर्षणाने तो तापेल, आणि मग मागच्या गाडीवाल्याला टायरच्या जोडीला धूरही पाहायला मिळेल. बांधकामावरच्या यंत्रांच्या टायरमध्ये हवेऐवजी घट्ट होणारा फेस भरतात हे खरे आहे, पण ती यंत्रे रांगत चालतात. फेसाचे वजन आणि त्यात साठणारी उष्णता यांमुळे रस्त्याच्या वेगाला तो चालत नाही.

वंगणमहर्षी

रस्त्यावर सांडलेले तुकडे कोणी गोळा केले आहेत का? माझ्या पद्धतीला पर्याय म्हणून विचारतो. सर्व तुकडे आणून खडूने त्यांना क्रमांक द्यावेत, नक्षी जुळवून मांडावेत, तारांची टोके पकडीने एकमेकींत पिळावीत, उरलेल्या फटीत डिंक भरावा आणि सगळ्यावर चिकटपट्टीचे सात वेढे द्यावेत. वेढे चाकाच्या फिरण्याच्या दिशेने द्यावेत, उलट दिल्यास ते पहिल्याच वळणावर सुटतात.

पाऊणपाना

सातच का?

वंगणमहर्षी

आठव्या वेढ्याला चिकटपट्टीची किंमत टायरच्या वर जाते.

आडवळणी_चाक

ट्रेलरला चार चाके आहेत ना? मग भांडण कशाला? खराब चाक काढून टाका, तो धुरा साखळीने वर बांधा आणि उरलेल्यांवर निघा.

मोजमाप

ही युक्ती अडीनडीला, रिकाम्या ट्रेलरसाठी, सावकाश पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत जाण्यापुरती लोक वापरतात. सामान भरून मात्र अजिबात नको. दोन धुऱ्यांच्या ट्रेलरमध्ये एका बाजूचा एक टायर गेला की त्याचा बहुतेक भार त्याच बाजूच्या दुसऱ्या टायरवर पडतो. धागाकर्त्यांसाठी मुद्दा असा की, हा टायर ज्या क्षणी फाटला त्यानंतर ट्रेलर थांबेपर्यंत डाव्या पुढच्या टायरने जवळपास दुप्पट ओझे वाहिले आहे. तो बाहेरून धडधाकट दिसत असला तरी त्याला उतरवून आतून तपासल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

किल्ली_हरवली

पण मुळात हे झाले कशामुळे? खिळा तर दिसत नाही.

मोजमाप

खिळ्याची गरज नसते. हवा कमी असली की साइडवॉल जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त तापते, आणि उष्णतेने रबर व पोलादी पट्टे यांची पकड सुटते. मोटारीचा टायर बसू लागला तर स्टिअरिंग ओढते आणि चालकाला ते हाताला कळते. ट्रेलर मागे मुकाट ओढला जातो. पट्टा सुटून चाकावरच्या पत्र्यावर आपटू लागेपर्यंत चालकाला पत्ता नसतो. म्हणून ट्रेलरच्या टायरची हवा दर प्रवासाआधी, टायर थंड असताना मोजायची असते, आणि ट्रेलरसाठीच बनवलेल्या टायरमध्ये सहसा साइडवॉलवर छापलेल्या कमाल दाबाइतकीच ती भरतात. वाटेत थांबून गरम टायर मोजला तर आकडा वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडणारे महाभाग असतात, तसे करू नये. वेगाचेही तसेच आहे. जुन्या पद्धतीचे बरेच ट्रेलर टायर ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर एवढ्या वेगासाठीच असत, आणि ओढणाऱ्या मोटारीच्या टायरांची मर्यादा त्याहून बरीच वर असल्याने चालकाला ते जाणवत नाही.

दुसरे कारण उभे राहणे. रबरात भेगा पडू नयेत म्हणून त्यात मेण आणि ओझोनला रोखणारी रसायने मिसळलेली असतात. टायर फिरत राहिला, वाकत राहिला, तर ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन संरक्षक थर धरतात. वर्षभर एकाच जागी उन्हात उभ्या असलेल्या ट्रेलरच्या टायरला हा लाभ मिळत नाही. ज्या टायरची नक्षी नव्यासारखी खोल आणि साइडवॉल भेगाळलेली, तो बहुधा ट्रेलरचाच असतो. मावसभावांना टायर चांगला वाटतो तो याच नक्षीमुळे.

रिकामा_जॅक

अगदी नेमके. "नक्षी बघ, नक्षी," असेच त्यांनी लिहिले होते.

जुना_धुरा

तारीख बघा, तारीख. टायरच्या बाजूवर उठवलेल्या डीओटी (अमेरिकेचे परिवहन खाते) या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी आकडे असतात. चार आकडे असतील तर पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे ३२१८ याचा अर्थ २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते आणि माझ्या अनुभवात ती नेहमी आतल्या बाजूलाच निघते, त्यामुळे ट्रेलरखाली आडवे व्हावे लागेल. ट्रेलर आधी जॅकवर आणि ठोकळ्यांवर नीट टेकवा.

रिकामा_जॅक

ट्रेलर ठोकळ्यांवर घेतला आणि विजेरी घेऊन खाली शिरलो. अक्षरे धुळीत बुजली होती. ओल्या फडक्याने पुसून, वाळू देऊन, त्यावर खडू आडवा घासल्यावर उठाव तेवढे पांढरे झाले आणि ओळ वाचता आली. शेवटी फक्त तीन आकडे आहेत: २३८.

किल्ली_हरवली

चौथा आकडा झिजला असेल.

जुना_धुरा

झिजलेला नाही, तो कधी नव्हताच. सन २००० पासून चार आकडे आले. त्याआधी तीनच असत, दोन आठवड्याचे आणि एक वर्षाचा. म्हणजे हा तेविसाव्या आठवड्यातला, आठने संपणाऱ्या वर्षातला टायर आहे. १९९८ तरी, किंवा १९८८ तरी.

सायलेन्सर_शांत

किंवा १८८८. त्याच वर्षी जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पहिल्या खेपेतला असू शकेल.

पाऊणपाना

असे असेल तर दुरुस्ती नको, जतन करावे.

जुना_धुरा

थट्टा पुरे. नव्वदच्या दशकातले टायर वेगळे ओळखता यावेत म्हणून अनेक उत्पादक तीन आकड्यांनंतर एक छोटा त्रिकोण उठवत असत. जॅकराव, आकड्यांपुढे त्रिकोण आहे का ते पाहा. माझे मत १९९८.

वंगणमहर्षी

माझे १९८८. भेगांमध्ये अनुभव दिसतो.

रिकामा_जॅक

पुन्हा खाली जाऊन आलो. आठ या आकड्यापुढे जिथे त्रिकोण असायला हवा, बरोबर तिथूनच ती चीर गेली आहे.

आडवळणी_चाक

मग आता दुरुस्ती करायलाच हवी, निदान वाचण्यापुरती.

मोजमाप

वर्ष कोणतेही निघाले तरी निर्णय बदलत नाही. टायर वापरला असो वा नसो, सहा वर्षांनंतर तो बारकाईने तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर दिसायला चांगला असला तरी काढून टाकावा, असे अनेक उत्पादक सांगतात.

आणखी एक, कारण वर कोणीतरी हवा भरण्याविषयी विचारले होते. ज्या टायरांचा सांगाडाच पोलादी तारांचा असतो, म्हणजे प्रामुख्याने मोठ्या मालगाड्यांचे आणि त्यांच्या ट्रेलरचे, ते कमी हवेवर बराच वेळ चालले की आतल्या तारा एकेक करून तुटत जातात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. अशा टायरमध्ये पुन्हा हवा भरली की उरलेल्या तारा एकापाठोपाठ एक सुटतात आणि साइडवॉल क्षणात लांबच्या लांब उसवते. समोर उभा असलेला माणूस त्यात दगावू शकतो. म्हणून अशा टायरना लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहून हवा भरतात. बसलेल्या टायरला सहज हवा मारून पाहणे हा धाग्यातला सगळ्यांत साधा सल्ला वाटतो, पण खरा धोका त्यातच आहे.

पाऊणपाना

मोजमाप, माझा पहिला प्रतिसाद मी गंभीरपणे दिला नव्हता, हे येथे नोंदवतो. वाचनखूण साठवली.

किल्ली_हरवली

जुन्या टायरचे काय करणार? झोका बांधता येईल, किंवा आडवा ठेवून माती भरून झाडे लावता येतील.

मोजमाप

झोका नको. तारा बाहेर आलेल्या आहेत आणि त्या सुईइतक्या टोकदार असतात, उतरवतानासुद्धा जाड हातमोजे घालावेत. अंगणात तसाच टाकून ठेवला तर पावसाचे पाणी आतल्या खाचेत साठते. टायर कसाही ठेवला तरी ते पूर्ण निथळत नाही आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांना असे साचलेले पाणी फार आवडते.

आडवळणी_चाक

मग समुद्रात बुडवावा. मासे घर करतील.

जुना_धुरा

हा प्रयोगही झालेला आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ १९७० च्या दशकात सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रतळावर टाकून कृत्रिम प्रवाळभिंत करायला निघाले होते. त्याला ऑस्बोर्न रीफ म्हणतात. टायर बांधलेले पट्टे गंजून तुटले, टायर पाण्याबरोबर हिंडू लागले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळांना घासू लागले. मासे काही राहायला आले नाहीत, आणि नंतर तेच टायर बुडी मारणाऱ्या माणसांकरवी वर काढत बसावे लागले. टायर गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावा, तो भुगा होऊन दुसऱ्या कामाला येतो.

रिकामा_जॅक

मंडळी, धागा मावसभावांना पाठवला होता. त्यांनी संपूर्ण वाचला. वंगणमहर्षींची पद्धत त्यांना विशेष पटली, टोपी जपून ठेवण्याची सूचनाही त्यांनी केली आहे. नवीन टायरला मात्र त्यांचा अजूनही नकार आहे, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार ट्रेलरच्या पुढच्या भागात ताडपत्रीखाली एक स्टेपनी आहे, तो टायर "कोरा करकरीत, एकदाही रस्त्याला न लागलेला" आहे आणि पाचही टायर त्यांनी एकदमच घेतले होते.

मोजमाप

"एकदमच" हा शब्द महत्त्वाचा आहे. स्टेपनी बसवण्याआधी तिचे आकडे वाचावेत. आणि नवे टायर घ्यायचे ठरले तर व्हॉल्व्हही नवे घ्यावेत, मात्र छापलेला दाब पाहून, कारण मोटारीचा साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच असतो आणि ट्रेलरचे बरेच टायर ८० पर्यंत जातात. चाक बसवल्यावर नट टॉर्क पान्याने समोरासमोर आवळावेत आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत, ते थोडे सैल झालेले सापडतात.

वंगणमहर्षी

टोपी बोटांनीच आवळावी. तिला टॉर्क पाना लावू नये.

जुना_धुरा

स्टेपनीचा आकडा लवकर कळवा. आमचे १९८८ की १९९८ हे अजून ठरायचे आहे.

रिकामा_जॅक

ताडपत्री काढली. स्टेपनीची नक्षी खरोखर कोरी आहे, साच्यातून निघतानाचे रबराचे केसही अजून तिच्यावर उभे आहेत. साइडवॉल अंगठ्याने दाबली तेव्हा भेगा उघडल्या आणि आतले धागे दिसले. खडू घासून आकडे वाचले: २३८. पुढे त्रिकोण आहे, अगदी स्पष्ट.

जुना_धुरा

१९९८. वंगणमहर्षी, आपण हरलात.

रिकामा_जॅक

तो फोटोही मावसभावांना पाठवला. पाच टायरांचा आकार आणि दाब त्यांनी स्वतःच विचारून घेतला आहे. टोप्या मात्र जुन्याच वापरायच्या, असे बजावले आहे.